गाळ बसेना, सॉर्टर ऐकेना: कोकणातल्या युनिटवाल्यांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच, व्हेंडर म्हणतोय मोठं मशीन घ्या, घेऊ का? घ्या की, पण आधी जे आहे ते मोजून तरी बघा.

प्रश्न: राजापूरला आमचं आंबा पल्पचं युनिट आहे. सीझन भरात आला की ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) क्लॅरिफायरमधून, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीतून, गाळ वर येतो आणि आउटलेटला जातो. मोठा ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) आणि कल्चर पावडर (जिवाणूंची पावडर) असं कोटेशन आलंय.

थांबा, लगेच ऑर्डर देऊ नका. एक लिटरचा मेजरिंग सिलिंडर घ्या, एरेशन टाकीतलं पाणी भरा (इथे हवा देऊन जिवाणूंना घाण खायला लावतात, गाळ म्हणजे मुख्यतः तेच जिवाणू), सावलीत ठेवा आणि अर्धा तास त्याला कुणी धक्का लावायचा नाही. गाळ 900 च्या खुणेवरच अडकला तर परत करा, या वेळी तेच पाणी अर्धं आणि आउटलेटचं निवळ पाणी अर्धं. आता झपकन 200-250 वर आला तर गाळ चांगला आहे, नुसता जास्त झालाय, रोज थोडा ड्राइंग बेडवर (गाळ वाळवायचा वाफा) काढत जा. पण पातळ करूनही कापसासारखा फुगून वरच राहिला तर तंतूवाले जिवाणू माजलेत, आणि पल्पवाल्यांकडे बहुतेक वेळा हेच निघतं.

का, तर पल्पच्या धुण्यात साखर भरपूर पण नायट्रोजन-फॉस्फरस नावाला, आणि वर पाणी आंबट. जिवाणूंना बीओडी (घाण खाताना त्यांना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप), नायट्रोजन, फॉस्फरस साधारण 100:5:1 या प्रमाणात लागतात. समजा रोज 50 घनमीटर पाणी आणि बीओडी लिटरला 2000 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 100 किलो बीओडी, त्याला 5 किलो नायट्रोजन आणि 1 किलो फॉस्फरस हवा. 5 किलो डीएपीमधून फॉस्फरस पूर्ण मिळतो आणि थोडा नायट्रोजनही, उरलेल्याला 9 किलोच्या आसपास युरिया. पाण्यात मुळात जेवढं आहे तेवढं रिपोर्ट बघून वजा करा, नाहीतर आउटलेटला अमोनिया वाढेल. आणि सोसायटीतून आणलेलं बागेचं खत ओतू नका, सबसिडीचं खत कारखान्यात वापरायला बंदी आहे, टेक्निकल ग्रेडच घ्या. इक्वलायझेशन टाकीत (सांडपाणी आधी साठवून एकसारखं करायची टाकी) चुना मारून पीएच 7 च्या आसपास आणा. ब्लोअरचं म्हणाल तर टाकीच्या चारही कोपऱ्यांत डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजा, सगळीकडे लिटरला 2 मिलिग्रॅम मिळत असेल तर मोठा ब्लोअर म्हणजे नुसतं वीजबिल. पावडरचं तर नावच काढू नका, खायला नसेल तर नवीन पाहुणे आणून काय करणार!

प्रश्न: रत्नागिरीला मासे फ्रीझिंगचं युनिट आहे. मासेमारीबंदी उठून काम सुरू झालं की ऑगस्टभर सीओडी (केमिकल टेस्टनं काढलेलं घाणीचं माप) जास्त येतो. ईटीपी मोठा करावा का?

मोठा कशाला? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने तुमच्या टाकीतल्या जिवाणूंना उपास, आणि मग एका दिवसात रक्त, खवलं, मिठाचं पाणी सगळं अंगावर. जूनमध्ये ब्लोअर पूर्ण बंद करू नका, दिवसातून काही तास चालवा आणि कॅन्टीनचं सांडपाणी तरी सोडत राहा. ऑगस्टमध्ये लोड आठ-दहा दिवसांत चढवत न्या. स्क्रीन आणि ग्रीस ट्रॅप रोज साफ हवेत, जे आधीच अडलं त्याच्यासाठी ब्लोअरची हवा खर्चावी लागत नाही.

दुसरं, लॅबला विचारा की क्लोराइड (मिठातला घटक) किती आहे. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला 19,000 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि सीओडीच्या नेहमीच्या टेस्टमध्ये 2000 च्या वर गेलं की आकडा फुगतो. सॅम्पल पातळ करून टेस्ट करून घ्या. कितीतरी जण हा आकडा बघूनच पैसे घालायला निघतात.

प्रश्न: वेंगुर्ल्याला काजू प्रोसेसिंग आहे. पावसात कलर सॉर्टर (रंग बघून डागी गर वेगळा काढणारं मशीन) चांगला गर रिजेक्टमध्ये टाकतो आणि डागी गर पुढे जातो. सर्व्हिसवाला कॅमेरा बदला म्हणतो.

ताई, कॅमेऱ्याची काच पुसून बघा, पण मला संशय हवेचा आहे. सॉर्टर गर उडवतो तो कॉम्प्रेसरच्या हवेच्या झोतानं, आणि जुलैतली कोकणातली हवा दाबली की तिच्यातून पाणी गळतंच. ते झोत सोडणाऱ्या इजेक्टरच्या व्हॉल्व्हमध्ये गेलं की झोत उशिरा सुटतो, तोवर डागी गर निघून गेलेला असतो आणि शेजारचा चांगला उडतो. रिसीव्हर टाकीचा (दाबलेली हवा साठवायची टाकी) ड्रेन कॉक उघडा, भसाभस पाणी आलं तर ऑटो ड्रेन, म्हणजे पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह, अडकलाय. मग हवेतलं पाणी काढणारा ड्रायर खरंच थंड करतोय का बघा आणि सॉर्टरच्या आधीचा फिल्टर बदला.

प्रेशर वाढवून काम भागवू नका, एक बार वाढवलं की वीज साधारण 6-7 टक्के जास्त जाते. त्यापेक्षा सुट्टी झाल्यावर सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा, एक मिनिट लोड (हवा भरतोय) आणि चार मिनिटं अनलोड (नुसता फिरतोय) होत असेल तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 20 टक्के हवा गळतेय. साबणाचं पाणी घेऊन जॉइंट शोधा.

प्रश्न: लोटे एमआयडीसीत पॅकिंग लाइनवर सुपरवायझर आहे. मशीन 90 टक्के वेळ चालतं, तरी माल कमी निघतो, साहेब माझ्यावर ओरडतात.

90 टक्के वेळ चाललं, त्यात स्पीड 90 टक्के, त्यातला 90 टक्के माल पास, गुणाकार करा, 73 उरतात. साहेबांना हे तीन आकडे वेगवेगळे दाखवा. आणि पाऊच अडकून होणारे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे स्टॉप ऑपरेटरला एक आठवडा वहीत रेघ मारून टिपायला सांगा, ते ब्रेकडाऊनमध्ये कुणी धरत नाही आणि माल तिथेच जातो.