फोटो उतरले, पण तारखा कुठे गेल्या?

प्रश्न : गूगल फोटोजवरचे साधारण १४० जीबी फोटो टेकआउटने (आपला डेटा उतरवून देणारी गूगलची सेवा) उतरवून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकले. लॅपटॉपवर पाहिलं तर मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो गेल्या रविवारचेच दिसतात. शिवाय प्रत्येक फोटोला चिकटून एक जेसन (.json) नावाची छोटी मजकुराची फाइल आहे. त्या उडवू का? आणि गूगलवरचे फोटो काढून टाकले तर चालेल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही कामं सध्या थांबवा. जेसन फाइलला हात लावू नका आणि गूगलवरचा एकही फोटो काढू नका.

आधी तारखांचं पाहू. फोल्डरमध्ये ‘डेट मॉडिफाइड’ या रकान्यात दिसते ती फाइल तयार झाल्याची किंवा बदलल्याची तारीख, फोटो काढल्याची नव्हे. रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘डेट टेकन’ निवडा. कॅमेऱ्याने काढलेल्या बहुतेक फोटोंची खरी तारीख तिथे सापडेल, कारण ती फोटोच्या आतच, कॅमेऱ्याने नोंदवलेल्या एक्झिफ माहितीत असते. हा रकाना रिकामा राहील तो व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा आणि जुन्या स्कॅनचा. स्कॅनवर तुम्ही गूगलमध्ये हाताने तारीख घातली असेल, तर तीही फोटोत नाही, शेजारच्या जेसनमध्ये आहे. वर्णन आणि हाताने दिलेलं ठिकाणही तिथेच. म्हणून त्या फाइली जपायच्या.

एक्झिफटूल नावाचं मोफत साधन जेसनमधली तारीख फोटोत लिहू शकतं. सुरुवात ५० फोटोंच्या प्रतीवर करून पाहा. तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, टेकआउट फोटो अनेक झिप फाइलींत (गठ्ठ्यांत) देतं; फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्या झिपमध्ये असं होतं, त्यामुळे सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उघडा. दुसरं, फोटोचं नाव लांब असेल तर जेसनचं नाव मध्येच तुटतं आणि जोडी जुळत नाही. तिसरं, जेसनमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. हा फरक धरला नाही तर पहाटे दोनला काढलेला फोटो आदल्या रात्री साडेआठचा होऊन बसतो.

आता मोजणी. झिपच्या नावातले ००१, ००२ हे आकडे सलग आहेत का पाहा. मधला एखादा गळालेला असला तर डिस्ककडे पाहून ते कळत नाही. टेकआउटची लिंक साधारण सात दिवसच चालते, नंतर मागणी नव्याने करावी लागते. त्या वेळी झिपचा आकार ५० ऐवजी १० जीबी निवडा. डाउनलोड तुटलं तरी १० जीबीचाच तुकडा पुन्हा घ्यावा लागेल. अल्बममधला फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही येतो, त्यामुळे मोजताना फक्त वर्षांचे फोल्डर धरा. मग प्रत्येक वर्षातले दहाबारा फोटो आणि दोनतीन व्हिडिओ डिस्कवरून प्रत्यक्ष उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून पाहा, अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला नीट चालू शकते.

एवढं झाल्यावरही दुसऱ्या डिस्कवर प्रत होईपर्यंत गूगलवरचं काढू नका. बॅकअप चालू असलेल्या फोनवर ॲपमधून फोटो काढला की तो फोनमधूनही जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा गेला. आणखी एक: बॅकअप ‘स्टोरेज सेव्हर’ या जागा वाचवणाऱ्या पर्यायावर असेल तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो गूगलने आधीच लहान केलेले आहेत. टेकआउटमधून तेच लहान फोटो मिळतात. मूळ फोटो अजून फोनमध्ये असतील तर ते केबलने वेगळे उतरवा.

प्रश्न : डिस्क नुसती कपाटात ठेवायची आहे. एसएसडी घ्यावी की साधी हार्ड डिस्क?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : साधी हार्ड डिस्क. एसएसडीत फिरती तबकडी नसते, चिप असतात; त्यातली माहिती विद्युतभारावर टिकते आणि वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तो भार उतरू शकतो. हार्ड डिस्कला भीती धक्क्याची आणि तुमच्याकडे दमटपणाचीही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, सहा महिन्यांनी एकदा जोडून फोटो उघडून पाहा. घरात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर डिस्क भरण्याआधी ती एक्सफॅट या, दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट करा. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) डिस्क मॅकवर वाचता येते, पण वेगळं सॉफ्टवेअर नसेल तर तिच्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅटची मात्र एक अट पाळावी लागते: दरवेळी ‘इजेक्ट’ करूनच केबल काढा.