मुलगा ट्रॅप शूटिंगमध्ये रमलाय, यात करिअर आहे का?

प्रिय ताई,

मिनेसोटाहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. नववीतला मुलगा शाळेच्या क्ले टार्गेट संघात गेला (हवेत उडवलेल्या तबकड्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडायचा खेळ, ट्रॅप हा त्यातलाच एक प्रकार), पहिल्याच मोसमात २५ पैकी २१-२२ तबकड्या फोडू लागला, आणि कोच म्हणतात, 'याला एटीएचा सभासद करा, ग्रँडला घेऊन जा.' घरात दोन तट पडलेत. त्याच्या बाबांना यात स्कॉलरशिप आणि ऑलिम्पिक दिसतंय, तुम्हाला मागे पडलेला गणिताचा अभ्यास दिसतोय. तुमचे प्रश्न तीन: एटीए ही नेमकी कसली संस्था, तिथून करिअर होतं का, आणि मुलाला स्वतःची बंदूक घेऊन द्यावी का. मध्येच कंसात एक ओळ टाकलीत, 'आम्ही एच-१बीवर आहोत, मुलगा एच-४वर.' ताई, ती ओळ कंसात ठेवण्यासारखी नाही. तिथूनच सुरुवात करतो.

अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आणि एच-४ हा त्याच्या कुटुंबीयांचा, दोन्ही त्यात येतात. बंदूक कोचची असो की क्लबची, रेंजवर मुलाच्या हातात असते तेवढा वेळ ती त्याच्या ताब्यात आहे असं धरलं जाऊ शकतं. 'आम्ही कुठे विकत घेतली' म्हणून सुटका होत नाही. कायद्यात काही अपवाद आहेत. तुमच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. शिकारीला जायचं नसलं तरी तो परवाना कामी येतो. पण दोन गोष्टींत लोक फसतात. संघात घेताना मागतात ते फायरआर्म सेफ्टीचं सर्टिफिकेट म्हणजे हा परवाना नव्हे. आणि परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, म्हणजे नूतनीकरणाची तारीख घरात कुणीतरी डोक्यात ठेवायला हवी.

मुलाच्या वयात नेमका कोणता परवाना चालतो, हे इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. क्लबातल्या जाणकारांवर विसंबू नका. कोच भला माणूस असेल, पण संघातली बाकीची बहुतेक मुलं अमेरिकन नागरिक असतील, तर त्याला हा प्रश्न कधी पडलाच नसणार. शस्त्रासंबंधीचा गुन्हा नावावर लागला तर प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे वकिलाचं उत्तर येईपर्यंत सराव बंद. मुलगा चिडेल. चिडू दे.

आता एटीए. पूर्ण नाव अ‍ॅमॅच्युअर ट्रॅपशूटिंग असोसिएशन. तिची मुख्य स्पर्धा म्हणजे कोच म्हणतात ती 'ग्रँड', ग्रँड अमेरिकन. तबकड्यांवरची पहिली ग्रँड १९०० साली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये झाली. पुढे १९२४पासून ती ओहायोतल्या व्हँडेलियात स्थिरावली आणि २००६पासून इलिनॉयमधल्या स्पार्टाला भरते. तिथे एका ओळीत १२० ट्रॅप मैदानं आहेत. ती ओळ सुमारे साडेतीन मैल लांब आहे. नेमबाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गोल्फ कार्टमधून जातात, चालत जाण्याचा विचारही कुणी करत नाही.

संस्थेचं काम कसं चालतं ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळेल. गावोगावचे गन क्लब आपापले स्वतंत्र असतात. ते राज्याच्या संघटनेशी जोडलेले, आणि राज्य संघटना एटीएशी. क्लबने ठरावीक तारखेची स्पर्धा आधी नोंदवून मंजूर करून घेतली की त्या दिवशी झाडलेली प्रत्येक तबकडी 'रजिस्टर्ड टार्गेट' होते, म्हणजे नेमबाजाच्या नावावर कायमची चढते. मंगळवारी संध्याकाळी मित्रांबरोबर फोडलेल्या तबकड्या कुठेच मोजल्या जात नाहीत. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक नेमबाजाकडून छोटी फी घेतात. तिचा एक वाटा राष्ट्रीय संस्थेला जातो, एक राज्याला. राज्यं आपले प्रतिनिधी निवडून पाठवतात, देशाचे पाच विभाग पाडलेत, प्रत्येक विभागातून एक जण कार्यकारी समितीवर असतो. कॅनडाचे प्रांतही याच चौकटीत बसवलेत. वार्षिक सभा ग्रँडच्याच दिवसांत होते. कारभार मुख्यतः सभासदांच्या पैशांवर आणि सभासदांसाठी चालतो.

प्रकार तीन. सिंगल्समध्ये तबकडी सोडणाऱ्या घरापासून १६ यार्डांवर उभं राहायचं, पाच जणांची तुकडी, पाच जागा, प्रत्येक जागेवरून पाच तबकड्या, असा २५चा राउंड. डबल्समध्ये दोन तबकड्या एकदम सुटतात. आणि हँडिकॅप. माझ्या मते संस्थेचं सगळं शहाणपण या हँडिकॅपमध्ये आहे. नेमबाज जितका चांगला, तितका तो मागे उभा राहतो, १९ यार्डांपासून २७ यार्डांपर्यंत. स्पर्धा जिंकला, किंवा फार उंच गुण मारले, की अर्धा-एक यार्ड मागे जातो. नेमबाज आपलं कार्ड जवळ बाळगतो, त्यावर त्याचं अंतर लिहिलेलं असतं आणि मागे सरकला की क्लबवाले तिथल्या तिथे कार्डावर पंच मारतात. पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावी तो कार्ड दाखवतो आणि तितक्याच मागून खेळतो. सिंगल्स आणि डबल्समध्ये अंतर बदलत नाही. तिथे सरासरीवरून वर्ग पाडतात, ट्रिपल ए, डबल ए, ए, बी, सी, डी. शिवाय वयाचे गट वेगळे: १५ वर्षांखालची मुलं सब-ज्युनिअर, त्यावरची ज्युनिअर, तिकडे ७०च्या पुढचे सिनिअर व्हेटरन, स्त्रियांचे गट, व्हीलचेअरवरून खेळणाऱ्यांचा गट.

परिणाम असा की निवृत्त शेतकरी, शाळकरी मुलगी आणि राष्ट्रीय विजेता एकाच दिवशी एकाच ओळीत उभे राहू शकतात आणि तिघांनाही आपापली चुरशीची लढत मिळते. हौशी माणसाला वर्षानुवर्षं खेळत ठेवणारी यापेक्षा चांगली व्यवस्था मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही. ती हौशी माणसासाठीच आहे. पूर्वी काडतूस कंपन्यांचे पगारी नेमबाज गावोगाव फिरून माल खपवायचे. त्यांना 'प्रोफेशनल' म्हणत आणि हौशींच्या बक्षिसांवर त्यांना हक्क नसे. आजही तिथे जिंकलेली रोकड बरीचशी नेमबाजांनीच ऐच्छिक रक्कम लावून जमवलेल्या गल्ल्यातून येते. म्हणजे शंभर जणांचे पैसे फिरून दहा जणांकडे जातात. त्यावर घर चालवायचा हिशेब मांडू नका.

मुलाच्या बाबांना एक गोष्ट समजावून सांगा. २५ पैकी २२ हे पहिल्या मोसमासाठी खरोखर छान आहे. पण वरच्या वर्गात चित्र निराळं असतं. ग्रँडच्या सिंगल्समध्ये २०० पैकी २०० फोडणारे एकापेक्षा जास्त निघतात आणि मग त्यांचा शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारी जादा फेरी, चालतो. तिथे हुशारीपेक्षा न कंटाळता तेच ते बिनचूक करण्याला किंमत आहे. हा स्वभाव तुमच्या मुलात आहे का? शंभरावी तबकडी पहिलीसारखीच मारतो की साठाव्या तबकडीनंतर त्याचं लक्ष उडतं? पुढच्या स्पर्धेत त्याच्या राउंडनिहाय आकड्यांवरून हे कळेल. एकूण बेरजेवरून कळणार नाही.

ऑलिम्पिकचा रस्ता एटीएतून जात नाही. अमेरिकेत ऑलिम्पिक नेमबाजीची राष्ट्रीय संस्था यूएसए शूटिंग ही वेगळी, तिचं ठाणं कोलोरॅडो स्प्रिंग्जला. खेळही वेगळा. एटीएत एकच यंत्र डावीउजवीकडे फिरत तबकडी सोडतं आणि ती ४९ ते ५१ यार्ड जाते. ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये खंदकात १५ यंत्रं असतात, तबकडी ७६ मीटर जाते, म्हणजे बरीच वेगाने सुटते, आणि काडतुसात छरे फक्त २४ ग्रॅम. मात्र एका तबकडीवर दोन गोळ्या झाडायची मुभा असते, जी एटीएच्या सिंगल्समध्ये नाही. पात्रता फेरी १२५ तबकड्यांची. किम रोड हिने १९९६ ते २०१६ अशी सलग सहा ऑलिम्पिक पदकं मिळवली, व्हिन्सेंट हॅनकॉकने स्कीटमध्ये (दोन बाजूंच्या घरांतून सुटणाऱ्या तबकड्या फोडायचा प्रकार) २००८, २०१२, टोकियो आणि पॅरिस अशी चार वैयक्तिक सुवर्णं. दोघेही अमेरिकन, पण एटीएच्या ओळीवर घडलेले नव्हेत. असले खंदक अमेरिकेतही मोजक्याच ठिकाणी आहेत. सर्वात जवळचा किती तासांवर आहे ते आधी बघा, स्वप्नं मग.

आणि पासपोर्ट. मुलगा भारतीय नागरिक असेपर्यंत अमेरिकेच्या संघातून ऑलिम्पिकला जाऊ शकत नाही. भारताकडून खेळायचं तर नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या निवड चाचण्यांना इकडे येऊन उतरावं लागेल. ते अशक्य नाही, पण मिनेसोटात शाळा सांभाळून जमेल असं मला वाटत नाही. पॅरिसला मिश्र स्कीटमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं कांस्य एका तबकडीने हुकलं. इकडची स्पर्धाही सोपी राहिलेली नाही.

कॉलेजबद्दल थोडी बरी बातमी आहे. क्ले टार्गेट हा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या मुख्य संस्थेचा, खेळ नाही. तिथे फक्त रायफल आहे. पण कॉलेजांचे क्लब आणि संघ आहेत. एसीयूआय या संस्थेची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला भरते, आणि मिसुरीतल्या लिंडनवूडसारखी मोजकी विद्यापीठं संघासाठी पैसाही देतात. त्या स्पर्धेत अमेरिकन ट्रॅपबरोबर स्कीट, स्पोर्टिंग क्लेज (वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या तऱ्हेने सुटणाऱ्या तबकड्यांचा प्रकार) आणि आंतरराष्ट्रीय प्रकारही असतात. स्कीट आणि स्पोर्टिंग क्लेज या दोन्हींच्या राष्ट्रीय संस्था पुन्हा वेगळ्या, त्यांची नोंदणी आणि वर्गवारी वेगळी. कॉलेजच्या कोचला एका प्रकारात ९८ टक्के असलेल्या मुलापेक्षा चारही प्रकारांत बरा असलेला मुलगा अधिक उपयोगी पडतो, म्हणून हेतू कॉलेजचा असेल तर एटीएच्या सरासरीमागे धावण्यात दोन वर्षं घालवू नका. पैशाचा भाग तुलनेने लहान असतो. गणिताचे गुण सुधारले तर मिळणारी मेरिट स्कॉलरशिप त्याहून मोठी असू शकते, म्हणजे या वादात तुमची बाजू भक्कम आहे.

खेळाभोवतीच्या नोकऱ्या आहेत: प्रशिक्षक, रेंज मॅनेजर, बंदूक दुरुस्त करणारे आणि दस्ता मापाने बसवणारे कारागीर, काडतुसांच्या कारखान्यातले इंजिनिअर. यातलं शेवटचं मेकॅनिकल किंवा मटेरियल्स शिकून होतं, नेमबाजीच्या गुणांवर नव्हे. क्लबात सुट्टीत गुण लिहिण्याचं काम मुलांना पैसे देऊन देतात. तुमच्या मुलाला कुणी विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा, एच-४वरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही.

मग सभासद व्हावं का? परवान्याचा प्रश्न सुटला तर जरूर. शाळेची लीग बरी आहेच. ती तुमच्याच राज्यात २००१ साली सुरू झाली, संघ आपापल्या जवळच्या रेंजवर मारतो आणि गुण ऑनलाइन कळवतो, त्यामुळे प्रवास फारसा नसतो. पण एटीएच्या स्पर्धेत अनोळखी मैदान, अनोळखी तुकडी आणि खोडता न येणारा आकडा असतो, आणि या वयात त्याचा फायदा होतो. उन्हाळ्यात जवळच्या दोन-तीन स्पर्धा पुरेत. सिंगल्स १००, हँडिकॅप १०० आणि डबल्सच्या ५० जोड्या धरल्या तर एका शनिवार-रविवारी ३०० काडतुसं, म्हणजे २५च्या १२ पेट्या लागतात. त्यावर प्रवेश फी, तबकड्या, मोटेल. ग्रँडला यंदा बघायला न्या, उतरायला नको.

बंदूक मात्र आता घेऊ नका. कायद्याचं कारण वर सांगितलंच. दुसरं कारण त्याचं वय. पंधराव्या वर्षी खांदा आणि हात वाढत असतात, आज बेतशीर वाटणारा दस्ता वर्षभरात आखूड पडेल. शिवाय ट्रॅपची बंदूक स्कीट-स्पोर्टिंगला तितकीशी सोयीची नसते, आणि तो कोणत्या प्रकाराकडे वळेल हे अजून ठरलेलं नाही. वाढदिवसाला काही द्यायचंच असेल तर कानांसाठी चांगल्या प्रतीचे इलेक्ट्रॉनिक मफ आणि नेमबाजीचा चष्मा घ्या. क्लबातले फोमचे बोळे मुलं धड बसवत नाहीत, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. या दोन वस्तूंना कुठला परवाना लागत नाही, व्हिसाही कुणी विचारत नाही.

वकिलाचं उत्तर आलं की कळवा.