जुना फोन चालू असताना नवा कशाला?

प्रश्न : जुना फोन उत्तम चालत असूनही माझा मुलगा दर वर्षी हप्त्यांवर नवा घेतो, नवी पेठेतल्या दुकानांसमोरून त्याचा पाय निघत नाही. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : फोनचे चार्जिंग टिकेनासे झाले की तो निकामी झाला, असे आपण धरून चालतो; वास्तविक लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर बरीच घटते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात, दुचाकीच्या तापलेल्या डिकीत फोन राहिला, तर त्याहूनही लवकर. बॅटरी बदलल्यास तोच फोन पुढे सहज वापरता येतो. सुरक्षा अपडेट मिळतात का, तेवढे पाहावे. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग त्याच्या निर्मितीतच होतो, हे मला फार अस्वस्थ करते. मुलावर रागावू नका. मात्र आधीचे हप्ते फिटल्याशिवाय नवे कर्ज नाही, हे ठामपणे सांगा.