‘विचाराधीन आहे’ आणि ‘विचाराधीन होती’

प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेली ‘येस मिनिस्टर’ ही ब्रिटिश मालिका प्रश्नकर्ते सध्या पुन्हा पाहत आहेत. त्यात मंत्र्याचा खासगी सचिव बर्नार्ड, लोकांच्या पत्रांना द्यायच्या उत्तरांचे दोन साचे सांगतो. एकात लिहायचं की बाब विचाराधीन आहे, दुसऱ्यात त्याच्याच आधी ‘ॲक्टिव्ह’ लावायचं. फरक काय, असं मंत्री विचारतो. बर्नार्ड सांगतो, पहिल्याचा अर्थ फाईल हरवली आहे, दुसऱ्याचा अर्थ आम्ही ती शोधतो आहोत. हा विनोद घरच्यांना ‘विचाराधीन’ आणि ‘सक्रिय विचाराधीन’ असे शब्द घालून सांगितला, तर कोणी हसलं नाही. तेव्हा ‘सक्रिय विचाराधीन’ हा प्रयोग मराठीत चालतो का, आणि चालत असेल तर विनोद कुठे अडला?

आधी ‘सक्रिय’चं पाहू. विचार अधिक अधीन, म्हणून विचाराधीन. ‘शासनाच्या विचाराधीन’ म्हणतो तेव्हा ‘शासनाच्या’ हे षष्ठीचं रूप समासाच्या आतल्या ‘विचार’ला जाऊन चिकटतं. शासनाच्या विचाराच्या अधीन, असा त्याचा विग्रह. आता ‘सक्रिय’ कुठे लावायचं? प्रस्तावाला लावलं तर प्रस्तावच सक्रिय झाला, आणि ‘विचार’ला लावलं तर ‘सक्रिय विचार’ म्हणजे काय हे मराठी माणसाला थांबून समजून घ्यावं लागतं. व्याकरणाची ओढाताण करून तो बसवता येतो, पण तो इंग्रजी साच्यातून हिंदी राजभाषेत आणि तिथून आपल्या कागदांत आलेला शब्दप्रयोग आहे. मी तो वापरत नाही आणि कोणी मसुद्यात लिहिला तर काढायला सांगतो. ज्याला खरंच विचार चालू आहे असं म्हणायचंय तो मराठीत ‘गांभीर्यानं विचार सुरू आहे’ म्हणतो.

‘अधीन’ या शब्दाकडे मात्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे. पराधीन, दैवाधीन, व्यसनाधीन. या सगळ्या शब्दांत कोणीतरी स्वतःचा ताबा सोडून दुसऱ्याच्या हाती गेलेला आहे. विचाराधीन प्रस्तावाचंही तेच. तो विचाराच्या ताब्यात गेला, पण विचार करणारा माणूस शब्दात कुठेच नाही. हिंदीत ‘विचाराधीन कैदी’ म्हणतात, आपण त्यालाच ‘कच्चा कैदी’ म्हणतो, आणि मला आपला शब्द कितीतरी जिवंत वाटतो.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीत जो फरक ‘ॲक्टिव्ह’ या एका विशेषणानं केला, तो मराठीत विशेषण करतच नाही. तो क्रियापदाचा काळ करतो.

महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो, उघडून पाहा. वर विषय, मग संदर्भ, मग ‘प्रस्तावना’. प्रस्तावनेचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा असं असतं: ‘...करण्याची बाब शासनाच्या विचाराधीन होती.’ होती. तिथे ‘होती’ दिसलं की समजावं, निर्णय झाला आहे, तो पुढच्याच परिच्छेदात येणार. हेच वाक्य नागरिकाला आलेल्या पत्रात येतं तेव्हा ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ असं असतं, आणि त्यानंतर फक्त सही असते. दोन वाक्यांत फरक एवढ्या एका क्रियापदाचा. ज्यांच्या हातून रोज असे कागद जातात ते ‘होती’ पाहून पुढचं पान वाचतात आणि ‘आहे’ पाहून स्मरणपत्राचा मसुदा काढतात. तिसरं रूप विधिमंडळातल्या लेखी उत्तरात भेटतं: ‘असा कोणताही प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन नाही.’ तिघांत सगळ्यांत सरळ उत्तर हेच. निदान कळतं तरी. (‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही याच घरातली भावंडं. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं.)

हे मला मालिका दुसऱ्यांदा पाहताना दिसलं, म्हणून तिच्याबद्दलही चार शब्द. ‘येस मिनिस्टर’ बीबीसी-2 वर फेब्रुवारी 1980 मध्ये सुरू झाली. अँटनी जे आणि जॉनथन लिन हे दोघे लेखक. 1982 पर्यंत तीन पर्वं, 1984 च्या नाताळात एक विशेष भाग, आणि मग मंत्री जिम हॅकर पंतप्रधान झाल्यावर 1986 ते 1988 ‘येस, प्राइम मिनिस्टर’. पॉल एडिंग्टन हॅकर, नायजेल हॉथॉर्न खात्याचे सचिव सर हम्फ्री, डेरेक फाउल्ड्स बर्नार्ड. आपल्याकडे पुढे 2001 मध्ये फारुख शेख यांना घेऊन ‘जी मंत्रीजी’ नावानं तिचं हिंदी रूपही आलं. मारामारी नाही, घसरून पडणं नाही. तीन माणसं एका दालनात बसून बोलतात. आम्हा मुलांना त्यात कळायचं ते हॅकरचं तोंड पडणं, हम्फ्रीचा एका दमात म्हटलेला लांबलचक परिच्छेद आणि त्यानंतरचा प्रेक्षकांचा हशा. परिच्छेदात काय आहे याच्याशी आम्हाला कर्तव्य नव्हतं. तो धापा न टाकता बोलतो, एवढंच कौतुक.

आता पाहिली तर हशा जिथे येतो त्याच्या आधीच्या वाक्यात मी अडकतो. तिथे सगळी कथा व्याकरणात घडते. हॅकरला काय करायचंय हे बहुतेक वेळा साधं असतं आणि हम्फ्रीला ते होऊ द्यायचं नसतं. पण तो ‘नाही’ म्हणत नाही, तो वाक्यातला कर्ता काढून घेतो. लहानपणी मला हम्फ्री खलनायक वाटायचा. आज वाटतं की त्याच्याइतकं भाषेवर मनापासून काम करणारं पात्र विनोदी मालिकेत क्वचितच असेल. आणि बर्नार्ड, जो तेव्हा मधल्यामध्ये उभा असलेला वाटायचा, तो तर आपल्यातलाच आहे. वरिष्ठांच्या वाक्यातली दोन रूपकं एकमेकांत अडकली की त्याच्यानं राहवत नाही, तो बोलतोच.

एक प्रसंग जवळून पाहा. तिसऱ्या पर्वातल्या एका भागात तीस वर्षांपूर्वीची चूक उघडी पडायला येते. स्कॉटलंड खात्यातल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्यानं भाडेकराराचं एक कलम नीट पाहिलं नाही आणि सरकारचे चार कोटी पौंड बुडाले. हॅकरला त्या अधिकाऱ्याचं नाव हवं आहे. कागद मागवले तर निम्मे गायब, काही म्हणे 1967 च्या पुरात गेले. तो हिवाळा फार वाईट होता का, असं हॅकर विचारतो. हम्फ्री सांगतो, छे, उत्तम होता, अडचणीच्या कितीतरी फायली गेल्या. पण शेवटी त्याला कबुली द्यावी लागते, कारण तो अधिकारी तो स्वतःच आहे. मग तो एक वाक्य सुरू करतो. संबंधित अधिकारी, ज्याच्या कथित जबाबदारीबद्दल अलीकडे चर्चा झाली, त्याची ओळख वाटते तितकी गूढ नसून, सदर व्यक्ती ही अशी आहे की, जिचा निर्देश प्रस्तुत वक्ता नेहमी त्या उभ्या सर्वनामानं करतो. उभं सर्वनाम म्हणजे इंग्रजी ‘आय’, एक उभी रेघ. हॅकरला कळत नाही. मग तीनच शब्द: ‘इट वॉज... आय.’ हॉथॉर्न हे म्हणताना आवाज चढवत नाही, उलट वाक्य जसं लांबतं तसा तो हळूहळू खाली येतो. त्या शेवटच्या ‘आय’पाशी माणूस खरोखर उघडा पडलेला दिसतो. लहानपणी हे दृश्य माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

हम्फ्रीला एवढा वळसा का घालावा लागला? कारण इंग्रजीत साधं वाक्य केलं की ‘आय’ दारातच उभा. मराठीत ही अडचण नाही. ‘फाईल हरवली.’ झालं. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो. फाईल स्त्रीलिंगी म्हणून ‘हरवली’, कागद असता तर ‘हरवला’. ‘मी फाईल हरवली’ यातला ‘मी’ काढून टाका, क्रियापद जागचं हलत नाही, वाक्य पुरं राहतं, आणि कर्ता गेल्याचं चिन्हही मागे उरत नाही. त्यात ‘हरवणे’ हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही, म्हणजे फाईल कोणी हरवली की ती आपोआप हरवली, हेही सांगायला नको.

पण याच्या शेजारीच एक गंमत आहे. मी हरवली, त्यानं हरवली, आम्ही हरवली, त्यांनी हरवली: क्रियापद एकच. मात्र तू हरवलीस, तुम्ही हरवलीत. समोरच्यावर बोट दाखवताना ‘स’ किंवा ‘त’ क्रियापदाला चिकटतो, सर्वनाम गाळलं तरी तो राहतो. ‘हरवलीत ना?’ एवढं म्हटलं तरी कोण ते कळतं. स्वतःबद्दल बोलताना मात्र मराठी क्रियापद काही सांगत नाही. हम्फ्रीला मराठी आली असती तर त्याचा तो परिच्छेद कधी लिहिलाच गेला नसता, आणि आपण एका फार सुंदर दृश्याला मुकलो असतो.

शासकीय मराठीनं तर पुढचीही सोय केलेली आहे. ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात यावे’, ‘निदर्शनास आले आहे’. कोण करतं, कोणाच्या निदर्शनास, विचारू नये. आणि ‘मी’ म्हणायची वेळ आलीच तर ‘निम्नस्वाक्षरीकार’, म्हणजे खाली सही करणारा, आहे. हम्फ्रीच्या उभ्या सर्वनामाला इतका चपखल मराठी प्रतिशब्द तयार असेल असं वाटलं नव्हतं. यात भाषा संचालनालयाचा दोष काढायचा नाही. 1960 साली ते स्थापन झालं आणि 1964 चा राजभाषा अधिनियम आला तेव्हा इंग्रजीतला अख्खा कारभार मराठीत आणायचा होता, आणि माणसांनी तो आणला. टिपणी, मसुदा, धारिका, पृष्ठांकन हे शब्द आज कोणी अडखळत वाचत नाही. अडतं ते शब्दांपाशी नाही, कर्ता गाळलेल्या वाक्यांपाशी.

ही सवय कार्यालयाच्या बाहेरही आहे, फक्त तिथे ती जास्त रसरशीत आहे. लोकांच्या तोंडी फाईल स्वतःच चालते: फाईल हलते, अडते, सरकते, फिरते, वर जाते, खाली येते, गहाळ होते. माणूस दिसतो तो दोनच ठिकाणी, ‘फाईल दाबून ठेवली’ आणि ‘फाईलवर बसलाय’. आणि दोन्हींत तो ‘तो’ असतो, ‘मी’ कधीच नसतो. बर्नार्डनं एका भागात ‘अनियमित क्रियापदं’ चालवून दाखवली आहेत, एकच कृती पण पुरुष बदलला की क्रियापद बदलतं. त्या चालीवर मराठीत असं होईल: मी साधकबाधक विचार करतो, तुम्ही वेळ काढता, तो फाईल दाबून ठेवतो.

कायद्यानं मात्र या वाक्यात कर्ता परत आणला आहे, हे अनेकांना माहीत नसतं. महाराष्ट्रात बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातला विलंब यांबद्दलचा 2005 चा अधिनियम आहे. त्यानुसार कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे एका शासकीय कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहता कामा नये. त्याच वर्षीचा माहितीचा अधिकारही आहे. म्हणून ‘विचाराधीन आहे’ असं पत्र आलं तर अर्जात ‘प्रकरणाची सद्यःस्थिती कळवावी’ एवढंच लिहू नका. धारिका, म्हणजे फाईल, आज कोणत्या कार्यासनाकडे (टेबलाकडे), कोणत्या पदावरच्या व्यक्तीकडे, कोणत्या तारखेपासून आहे, असं विचारा. ‘अर्जदारास परस्पर कळवावे’ असा शेरा मारून अर्ज खाली पाठवला असेल तर कोणाकडे पाठवला तेही. कर्ता, स्थळ आणि काळ मागितला की ‘अधीन’ शब्दाचा आडोसा पुरत नाही.

आता आपल्या विनोदाचं. तो सांगताना ‘सक्रिय’ टाकून द्या. मराठी कानाला आज ‘ॲक्टिव्ह’चं काम करणारा शब्द दुसराच आहे, आणि तो रोज बातम्यांत ऐकू येतो: ‘शासन याबाबत सकारात्मक आहे.’ शिष्टमंडळ भेटून बाहेर येतं तेव्हा हेच वाक्य घेऊन येतं. तेव्हा बर्नार्डच्या तोंडी असं घाला: ‘विचाराधीन आहे म्हणजे फाईल सापडत नाही, सर. शासन सकारात्मक आहे म्हणजे शोधायला माणूस पाठवलाय.’ मी हे आमच्याकडे सांगून पाहिलं आहे. निवृत्त मंडळी सगळ्यांत आधी हसली.

लिहिताना एक सांभाळा: सुटा शब्द ‘अधीन’ आहे, ‘आधीन’ नव्हे. ‘विचाराधीन’मध्ये संधीमुळे ‘रा’ झाला म्हणून मूळ शब्दही ‘आ’नं सुरू होतो असं वाटतं, आणि ‘च्या आधीन’ असं सर्रास लिहिलं जातं. ‘धी’ मात्र सगळीकडे दीर्घच.