‘प्लंज’ म्हणजे कोसळणं, झोकून देणं की खुपसणं?

तुमचा प्रश्न असा की ‘प्लंज’ला मराठीत एकच नेमका शब्द कोणता, कारण कोशात ‘बुडी मारणे, खुपसणे, कोसळणे’ हे अर्थ एका ओळीत दिलेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. शिवाय ‘शी फायनली टुक द प्लंज’ या वाक्यावर तुमचं गाडं अडलंय. त्याकडे शेवटी येते.

या अर्थांना जोडणारा धागा शिशाचा आहे. लॅटिनमध्ये शिसं म्हणजे ‘प्लुंबुम’. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये एक क्रियापद तयार झालं आणि तिथून इंग्रजीत ‘प्लंज’ आला. पाण्याची खोली मोजायला खलाशी दोरीला शिशाचं वजन बांधून खाली सोडायचे. ‘प्लमेट’ याच घरातला. ‘प्लंबर’ही, कारण पूर्वी नळ शिशाचे असत. गवंड्याचा ओळंबा पाहिलाय ना? तो इंग्रजीत ‘प्लंब बॉब’. ओळंबा हातातून सोडला की वाऱ्यावर हेलकावत नाही, थेट खाली जातो. ‘प्लंज’मध्ये हेच वजन आहे, आणि बहुतेक वेळा कशाच्या तरी आत शिरणंही आहे.

मराठीला मात्र आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते: खाली गेलं ते आपणहून, कुणी घातलं म्हणून, की आधार सुटला म्हणून? मी 22 वर्षं अनुवाद करतेय आणि हा शब्द आला की आजही आधी हेच विचारते.

आपणहून जाण्यासाठी तर आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे. लहानपणी मामाच्या विहिरीवर आम्ही हे सगळे शब्द अंगाने शिकलो. हात पुढे ताणून डोक्याकडून पाण्यात शिरायचं तो सूर. गुडघे पोटाशी आवळून धपकन पडायचं तो मुटका. त्याचं पाणी पार काठावर बसलेल्यांच्या अंगावर यायचं. आणि बुडी म्हणजे तळाला जाऊन मूठभर गाळ घेऊन वर येणं, गाळ नसला तर बुडी मोजायची नाही. इंग्रजीत या तिन्हींना ‘प्लंज’ चालेल. मराठीत सूर लिहायच्या जागी मुटका लिहिलात तर चित्रच बदलतं. पाणी नसेल तिथे चळवळीत उडी घेतात, कामात स्वतःला झोकून देतात.

कुणी घातलं असेल तर सुरा खुपसला, कपडा निळीत बुचकळला. पाककृतीत मात्र जोर लावू नका. पालक उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात ‘टाका’, एवढंच पुरे.

आधार सुटून पडण्यातही पायऱ्या आहेत. रुपया घसरतो, टोमॅटोचे भाव गडगडतात, बस दरीत कोसळते. घसरण्यात सावरायला वाव असतो, गडगडण्यात उतारावरून सुटलेला धोंडा दिसतो, कोसळण्यात काही उरत नाही. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांहून अधिक खाली आला. तिथे ‘कोसळला’च हवं. रोजच्या अर्ध्या टक्क्यालाही तोच शब्द वापरला, तर अशा दिवसासाठी हातात काय राहणार? पारा मात्र कधी कोसळत नाही, तो उतरतो किंवा घसरतो.

‘प्लंज्ड इंटू डार्कनेस’ आलं की घड्याळ बघा. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली ती सकाळी दहाच्या सुमारास. अशा बातमीत ‘शहर अंधारात बुडालं’ लिहिणं चूकच. वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, हे लिहावं.

काही ठिकाणी पडण्याचा पत्ताच नसतो. सिरिंजचा ‘प्लंजर’ म्हणजे दट्ट्या, चकलीच्या सोऱ्याला असतो तोच. एका औषधाच्या माहितीपत्रकात मी ‘दांडा खाली ढकला’ लिहिलं होतं. मसुदा वाचणाऱ्या परिचारिकेने विचारलं, सुई वर धरली असेल तर खाली म्हणजे कुठे? ‘दट्ट्या पूर्ण दाबा’ हे वाक्य तिचं आहे. ब्लाउजची ‘प्लंजिंग नेकलाइन’ म्हणजे खोल गळा. धबधब्याखालचा ‘प्लंज पूल’ म्हणजे डोह, पण लोणावळ्याच्या बंगल्यांच्या जाहिरातीत तोच शब्द छोट्याशा खासगी हौदासाठी असतो.

आता तुमचं वाक्य. तुम्ही दिलेल्या उताऱ्यात ती बाई चार वर्षं विचार करून नोकरी सोडते आणि खानावळ सुरू करते. ‘उडी घेतली’ चुकीचं नाही, पण त्यात तिची चार वर्षं हरवतात. लग्नाची गोष्ट असती तर ‘बोहल्यावर चढली’ लिहून मोकळे झालो असतो. इथे मी लिहीन: ‘अखेर तिने मनाचा हिय्या केला.’ पुढचं वाक्य राजीनाम्याचं आहेच, त्याला हात लावू नका.