कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकगीतांतून आलेल्या संगीतप्रकारात, रेकॉर्ड प्रोड्यूसर नेमकं काय करतो?

प्रोड्यूसर ओवेन ब्रॅडली यांची कारकीर्द बघा, म्हणजे कळेल. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1915 साली जन्मलेले ब्रॅडली मूळचे पियानोवादक. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर वाद्यवृंद सांभाळता सांभाळता डेक्का या रेकॉर्ड कंपनीची रेकॉर्डिंग करू लागले आणि 1958 मध्ये तिच्या नॅशव्हिल शाखेचे प्रमुख झाले. त्याआधीच धाकटा भाऊ हॅरल्डबरोबर त्यांनी एका घराला लागून लष्करी धाटणीची अर्धगोल पत्र्याची शेड टाकून स्टुडिओ थाटला होता.

त्यांचं खरं कसब 1961 च्या 'क्रेझी'त दिसतं. गाणं विली नेल्सनचं. गायिका पॅट्सी क्लाइन मोटार अपघातातून नुकती सावरत होती, बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. तेव्हा तीन तासांत तीन-चार गाणी उरकायची पद्धत होती. ब्रॅडलींनी या एकाच गाण्याला त्याहून जास्त वेळ दिला, फक्त वादकांचं वादन आधी रेकॉर्ड करून ठेवलं आणि तिला बरं होऊ दिलं. काही आठवड्यांनी येऊन ती गायली. पियानो, मागे जॉर्डनेअर्स या गायकचमूचे आवाज आणि मधोमध तिचा गळा! फिडलच्या (कंट्रीतल्या व्हायोलिनच्या) जुन्या रसिकांना ही 'नॅशव्हिल साउंड' म्हणून ओळखली जाणारी मऊ शैली फार गुळगुळीत वाटली. मला ते पटत नाही, कारण याच ब्रॅडलींनी कंट्री गायिका लोरेटा लिनच्या आवाजातला खेडवळ ठसका जसाच्या तसा ठेवला. कुणाला सजवायचं आणि कुणाला हात लावायचा नाही, हे त्यांना अचूक कळायचं.

1974 मध्ये ते कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेले. 1988 साली गायिका के. डी. लँगच्या अल्बमसाठी सत्तरी ओलांडलेले ब्रॅडली पुन्हा स्टुडिओत उतरले. तो अल्बम जरूर ऐका.