खचलेल्या गटमित्राशी बोलायचं कसं?

प्रश्न : पारोळा तालुक्यात आमचा कापूस उत्पादकांचा गट आहे. बोंडअळीने कपाशी गेल्यापासून गटातला एक भाऊ शेताकडे फिरकत नाही, कोणात बसत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की ‘मी काय येडा आहे?’ म्हणतो. आम्ही काही समुपदेशक नाही. काय करता येईल?

उत्तर : बरंच काही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून नैराश्याच्या रुग्णांना ६ ते ८ बैठका दिल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचा गुण दिसला. तुम्हाला तेवढं प्रशिक्षण नाही, पण त्यातली मुख्य रीत उचलता येते.

गटातल्या एकानेच जावं, चौघांनी घेरू नये. पारावर किंवा टपरीवर नको. बांधावर, आठवड्यातून एकदा, अर्धा तास. सुरुवात कर्जापासून नको, झोपेपासून करा. ‘रातले झोप येस का?’ याला माणूस खरं उत्तर देतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडलेली, कशातच मन नाही, असं असेल तर तो आळस नव्हे, नैराश्याचा आजार असू शकतो.

मग एकच काम ठरवा, तेही छोटं. ‘शेतात जात जा’ म्हणाल तर काही होणार नाही. ‘उद्या सकाळी सातला गोठा झाडायचा, बैलाला पाणी दाखवायचं’ असं वेळेसकट ठरवून वहीत लिहा. मन लागलं की काम करू, अशी वाट तो बघत असतो; नैराश्यात आधी काम होतं, मन मागून येतं. पुढच्या खेपेला वही बघा. झालं नसेल तर रागावू नका, काम निम्मं करा.

बिघडतं कुठे? उपदेशात. ‘अमक्याचं तर सगळंच गेलं, तरी तो उभा आहे’ हे वाक्य तर बोलूच नका. त्याचं बोलणं गटात फुटलं की दार बंद झालंच समजा.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, घरच्या एकाला सांगा आणि त्याला सिव्हिलला न्या. इथे गुप्तता पाळायची नसते. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, तुम्हीही सल्ल्यासाठी लावू शकता.

प्रश्न : वडिलांना मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांत फरक नाही, उलट मळमळतं. बंद कराव्यात का?

उत्तर : नाही. या गोळ्यांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. मळमळ मात्र आधी येते आणि बहुधा ओसरते. फार त्रास असेल किंवा बेचैनी वाढली तर डॉक्टरांना लगेच कळवा. बरं वाटल्यावरही गोळ्या काही महिने चालतात आणि डॉक्टरच त्या हळूहळू कमी करतात. वडील दारू घेत असतील तर तेही त्यांना सांगा.